भिंतीला फुटलेला पाझर

आमच्या बैठकीच्या खोलीतली भिंत वाळली आणि आईचा खोकला थांबला. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. भिंत ओलीच आहे, आई खोकतेच आहे, आणि आमच्या दारातली रांग गल्लीच्या टोकाला पोचली आहे.

रांगेत प्रत्येकाच्या हातात वाटी, पेला, नाहीतर बाटली. एक गृहस्थ चक्क बादली घेऊन आले होते, त्यांना लोकांनी हावरट म्हणून मागे ढकललं. सकाळी भिंतीला आधी घाम फुटायचा, मग थेंब, मग चांगली करंगळीएवढी धार. मग "आली, आली!" असा गलका व्हायचा आणि वाट्या भिंतीला लागायच्या. लोक ते पाणी गुडघ्याला चोळायचे, डोळ्यांना लावायचे आणि उरलेलं पिऊन टाकायचे.

भिंतीपाशी, आमच्या एकुलत्या एक आरामखुर्चीत, मौनी महाराज बसायचे. त्यांना मौनी का म्हणत हे विचारायची सोय नव्हती, कारण ते बोलायचे थांबतच नसत.

"ही भिंत नव्हे, हा डोळा आहे! माणसाला पाझर फुटत नाही, विटेला फुटला! मी स्वतः अन्न सोडलंय. या पाण्यावर जगतो. फक्त एक ध्यानात ठेवा. या भिंतीला हातोडा लागला, तर घरातल्या कर्त्या पुरुषाचं काही खरं नाही."

घरातला कर्ता पुरुष म्हणजे मी. मी नोकरी शोधत होतो. माझं तसंही काही खरं नव्हतं.

भिंतीपलीकडचं घर भाड्यानं दिलेलं होतं. त्याचा मालक दुसऱ्या गावी राहायचा आणि भाडं थकलं तरच फोन उचलायचा. त्या घराची खिडकी लोंबली, पन्हळ गळून पडली, छपरावर झाड उगवलं, आणि शेवटी तिथली ओल भिंत ओलांडून आमच्याकडे आली. ओलीवर काळी बुरशी धरली आणि आईची छाती भरली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "भिंत वाळवा, नाहीतर यांना इथून हलवा. या हवेत यांची फुप्फुसं टिकायची नाहीत."

माझ्या ताईनं मालकाला नोटिशीचा दम दिला आणि गवंडी ठरवला. गवंडी यायच्या आदल्या दिवशी महाराज आले. सहज रस्त्यानं चालले होते म्हणे, तेवढ्यात भिंतीनं हाक मारली. दुसऱ्या दिवशी आईनं गवंड्याला दारातूनच परत पाठवलं.

ताई दातांची डॉक्टर आहे. समोरचा बोलायला लागला की ती त्याच्या शब्दांकडे कमी आणि दाढांकडे जास्त बघते.

"आई, ती ओल आहे गं. साधी ओल."

"तुझ्या दवाखान्यात येते का एवढी गर्दी?" आई खोकत म्हणाली. "तुझे बाबा गेल्यापासून या घराची बेल दूधवाल्याशिवाय कोणी वाजवली होती?"

महाराजांकडे तर खोकल्याचंही उत्तर तयार असे. आईला ढास लागली की ते डोळे मिटून म्हणायचे, "निघतंय! आतलं वाईट निघतंय!"

पलीकडच्या घरातले भाडेकरू काका बेकरीत रात्रपाळी करायचे. अगदी गरीब गाय. रोज सकाळी धापा टाकत, ओल्या केसांनी यायचे आणि हळहळायचे, "झालं का सुरू? आजही माझी सुरुवात हुकली!"

"मग लवकर या ना, काका," मी म्हटलं.

"कसा येणार? महाराजांची आज्ञा आहे, स्वच्छ होऊन या. तीन बादल्या घेतो, अंग रगडून."

ताईच्या हातातला चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

"मंगळवारी भिंत कोरडी होती," ती सावकाश म्हणाली. "मंगळवारी किती बादल्या घेतल्या?"

"मंगळवारी ताप होता हो. पारोसाच आलो, लाजून मागे उभा राहिलो."

मंगळवारच्या कोरडेपणाचं खापर महाराजांनी चपला घालून आत आलेल्या एका बाईंवर फोडलं होतं. बाई रडत घरी गेल्या होत्या.

नीट न घासलेले दात पोरांना दाखवायला ताई दवाखान्यात एक गोळी वापरते. ती चावली की दातांवर जिथे मळ असेल तिथे गुलाबी डाग उठतात. पोटात गेली तरी अपाय नाही. तशा मूठभर गोळ्या कुटून तिनं काकांना पुडी दिली. "उद्या हे आंघोळीच्या पाण्यात टाका."

"औषध आहे का?"

"निदान आहे."

दुसऱ्या दिवशी ताई स्टुलावर चढली. "मंडळी, आज भिंत गुलाबी रडणार आहे!"

"भिंतीला हुकूम सोडणारी तू कोण?" महाराज गरजले, आणि भिंतीतून गुलाबी धार लागली.

मग अख्खी रांग ताईच्या पायांवर.

"अहो उठा! पिऊ नका ते! आंघोळीचं पाणी आहे!"

"बघा, आपल्याला नको म्हणते! सगळं घरातच ठेवायचंय!" कोणीतरी ओरडलं, आणि वाट्या दोनदा भरल्या. बादलीवाले गृहस्थ यावेळी थेट पुढे घुसले.

तेवढ्यात दारात काका उभे राहिले. नखशिखांत गुलाबी. कान जरा जास्तच.

"ताई, हे जात नाही हो."

एका आजींनी भिंतीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, मग स्वतःच्या वाटीकडे पाहिलं.

"यांच्या न्हाणीघराची मोरी फुटली आहे," ताई म्हणाली. "पाणी उताराकडे जातं आणि उतार आमच्याकडे आहे. काका आंघोळ करतात, भिंत रडते. काका आजारी पडले, भिंत कोरडी. एवढाच चमत्कार."

"म्हणजे इतके दिवस आम्ही..."

"साबण चांगला वापरतो हो मी," काका दुखावून म्हणाले.

सगळ्यांनी आ वासले होते आणि प्रत्येकाच्या दातांवर गुलाबी डाग होते. ताईनं सवयीनं एकदोघांना मागच्या दाढा घासायला सांगितलं, आणि मग ती आरामखुर्चीकडे वळली.

"महाराज, आ करा. आज तुम्हीही दोन वाट्या घेतल्यात ना?"

महाराजांचे दात स्वच्छ होते. खुर्चीमागच्या कुंडीतली माती मात्र गुलाबी झाली होती.

"मी दातांनी पीत नाही, श्रद्धेनं पितो!"

आई पुढे आली. ढास आवरून तिनं हळूच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं? हे पाणी कुठलं, आणि माझा खोकला कशानं वाढतोय ते?"

"दाजी म्हणाले, म्हातारी आधीपासूनच खोकते..." महाराज बोलून गेले.

"दाजी कोण?"

महाराजांची नजर भिंतीपलीकडच्या घराकडे वळली.

"अहो, म्हणजे तुम्ही माझ्या घरमालकाचे मेहुणे?" काका किंचाळले. "मोरी दुरुस्त करा म्हणून मी वर्षभर त्यांना फोन करतोय! आणि रोज तुमच्या पाया पडतोय!"

दुरुस्तीपेक्षा मेहुणा स्वस्त पडला होता, एवढंच.

आईनं स्वतः गवंड्याला फोन लावला. "उद्या नको, आत्ता या. मोठा हातोडा आणा." मग हळूहळू काढता पाय घेणाऱ्या गर्दीकडे वळून म्हणाली, "पळता कुठे? कपाट सरकवायला माणसं लागतील. चहा ठेवते."

वाचकहो, भिंतीतून पाणी आलं तर हात जोडायच्या आधी पलीकडचं दार वाजवा. आज पाणी आलं, काल का नाही आलं, ते विचारा. खरा चमत्कार तुमच्या प्रश्नाला घाबरून पळणार नाही. आणि पळाला, तर त्याच्या मागे पळून त्याचा पत्ता लिहून घ्या.

संबंधित खात्यास नम्र विनंती की, यापुढे कोणताही चमत्कार घडण्यापूर्वी सदर चमत्कारानं तीन प्रतींत अर्ज सादर करावा, सोबत शेजारील घराचा ना-हरकत दाखला व सांडपाण्याच्या मार्गाचा नकाशा जोडावा, आणि सुनावणीस जातीनं हजर राहावं. प्रतिनिधी चालणार नाही.