कटहलवाल्या कुसुमबाईंची सुरी

मी सुरी बोलतेय. घाबरू नका, सध्या मला कापडात शिवलंय, वर लाखेचं सील आहे. घाबरते ती मीच. जप्त वस्तू ठेवायच्या मालखान्यातल्या शिपायानं नुसतं कपाट उघडलं तरी माझं पातं शहारतं.

ट्रकच्या स्प्रिंगच्या पोलादी कमानपट्ट्यातून गढा या हिंदी मुलखातल्या गावच्या एका लोहारानं मला ठोकून काढलं. आग, घण, आणि लगेच पाण्यात चर्र! जन्मच असा धसक्याचा.

मला घेतलं कुसुमबाईंनी. गढ्याच्या बाजारात त्या कटहल विकायच्या, म्हणजे भाजीचा कच्चा फणस. त्याचा चीक असा, की बोटाला बोट चिकटतं. म्हणून त्या मला पात्यापासून मुठीपर्यंत मोहरीचं तेल चोपडायच्या. छोट्या चाकूला कटहल दाद देत नाही. माझ्यासारखी हातभर लांब सुरीच लागते.

गिऱ्हाईकं मजेशीर. "अम्मा, धीरे, उंगली मत काट लेना," म्हणत मागं सरकायची, आणि तिथूनच घासाघीस करायची.

एका दुपारी बंटी नावाच्या दांडगटानं मोटरसायकल थेट आमच्या फळीला टेकवली. कुसुमबाईंचा मुलगा अश्वजीत म्हणाला, "भैया, गाडी थोडी हटा लो."

"नहीं हटाई तो?" बंटीनं कटहलाच्या ढिगाला लाथ मारली.

कुसुमबाई उसळल्या. मला फळीवर टाकून त्यांनी पदर खोचला. "काहून बे? रस्ता का तुह्या बापानं बांधला? लाथा मारून राहिला! गाढव तरी आधी कान हलवते!"

बाजार खदखदून हसला. ते हसणं बंटीला झोंबलं आणि त्यानं मला उचललं.

मला ओरडता आलं असतं तर! मी अश्वजीतच्या पोटात शिरले. आधी सदरा, मग कातडी, मग काहीतरी गरम, ओलं. तेलकट मुठीवरून बंटीचा हात घसरून पात्यावर आला आणि त्याचीच बोटं चिरली. तो किंचाळत मागं झाला. मी चार बोटंच आत गेले होते, म्हणून अश्वजीत वाचला. फळीखाली पांढऱ्या चिकात लाल रक्त पसरत होतं आणि कुसुमबाई दोन्ही हातांनी लेकाचं पोट दाबून धरत होत्या.

बंटीला शिक्षा झाली. पण बाजारात मोठ्या सुऱ्यांवर बंदीचा आदेशही निघाला. लेक अंथरुणावर आणि धंदा बंद! शेवटी कुसुमबाईंनी हायकोर्टात बंदीलाच आव्हान दिलं.

सुनावणीला मलाही नेलं. व्हरांड्यात त्यांची मुलगी दीक्षा रडवेली झाली होती. "आई, हिनंच दादाला फाडलं अन् तू हिच्यासाठी लढून राहिली?"

"फाडलं बंटीनं. अन् मी सुरीसाठी नाही, पोटासाठी लढून राहिली."

वकील शैलजाताईंनी सुरुवात केली थेट अमेरिकेपासून. तिथं हत्यार बाळगणं हा हक्क आहे, चाकूबंदीविरुद्धसुद्धा लोक तो हक्क सांगत कोर्टात जातात, वगैरे.

न्यायाधीश म्हणाले, "मॅडम, वो वहाँ की बात है. यहाँ की बताइए."

मग त्या धंद्याच्या हक्कावर आल्या. सरकारी वकिलानं माझ्याकडे बोट दाखवलं, "हुजूर, यही चाकू था. कल किसी और का हाथ इस पर पड़ेगा, तब?" दोघांचंही खरं होतं, म्हणून तर माझी जास्तच पाचावर धारण बसली.

निकाल लागला. फळीवर काम करणाऱ्यांना सूट, मात्र सुरी साखळीनं फळीला बांधलेली हवी. कुसुमबाईंचा धंदा वाचला! साखळी तर साखळी, मी मनात म्हटलं, पुन्हा बाजार तर दिसेल.

शैलजाताईंनी विचारलं, "मग तुमची सुरी परत मागू ना?"

कुसुमबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"नको जी. अश्वजीत आता फळीवर माह्या बाजूले बसते. हिले पाहिलं तर तो फळी सोडून उठते. मी दुसरी घेईन."

त्यांचा राग नाही मला. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. आता मला वितळवायचा हुकूम निघालाय, म्हणे. जायच्या आधी एवढंच सांगते. भांडण पेटलं, की तोंड उघडण्याआधी फळीवरची सुरी उचलून मागं टाका. मग घाला हव्या तेवढ्या शिव्या.