कागद सरकला पाहिजे

लेक दारात उभी राहिली ती खांद्यावर रायफलीची पेटी, हातात पट्टा आणि तोंड पार उतरलेलं. पट्ट्याच्या टोकाला कडी लोंबत होती, कडीला स्क्रू, आणि स्क्रूच्या आट्यांत लाकडाचा भुसा. थोरलीनं लांबूनच ओळखलं, हे तुटलेलं नाही, उपटलेलं आहे.

बहिणींत मोठी म्हणून तिला थोरली म्हणत. पुढे घरात, गल्लीत, बाजारात तेच नाव चिकटलं, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते शोभायचं. तिचा जन्म पट्टे शिवण्यात गेला होता. बॅगांचे, खोगिरांचे, कुत्र्यांच्या गळ्यातले. शाळेशी तिचं फारसं पटलं नाही; पण चामड्याचं तिला कुणी शिकवायला गेलंच, तर तो आला तसा परत जायचा, आणि जाताना कान गरम करून घेऊन जायचा.

"झालं काय?"

"सरावाला पालथी पडले होते. दंडाला पट्टा आवळला, आणि ही पुढची कडी सुटून हातातच आली." लेक खाली बसली. "भोक असं मोठं झालंय. उद्या सकाळी संघाची निवड आहे, आई. पट्टा नसेल तर माझा हात थरथरतो. गेलंच सगळं."

"तो बंदुकीचा मिस्त्री कुठे मेला?"

"मेला नाही, लग्नाला गेलाय."

"स्वतःच्या?"

"आई!"

"बरं. आणि तुझे कोच काय म्हणाले?"

लेकीनं पट्टा गुंडाळायला घेतला. "म्हणाले, या वयात एवढी ओढाताण कशाला करता. पुढल्या वर्षी बघू."

लेकीनं चाळिशी ओलांडली होती. लोकांच्या मुली ज्या वयात मैदान सोडतात त्या वयात हिनं पहिल्यांदा रायफल हातात धरली होती. 'पुढल्या वर्षी बघू' याचा अर्थ थोरलीला कुणी फोड करून सांगायला नको होता. ज्या गिऱ्हाइकाचं काम करायचं नसेल त्याला तीही नेमकं हेच सांगायची.

"जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथर," ती उठत म्हणाली. "आणि आधी मला दाखव, रिकामी आहे ना."

लेकीनं पेटी उघडली, नळी भिंतीकडे धरली, मागचा बोल्ट, ज्याच्याशिवाय गोळी सुटत नाही, ओढून काढूनच घेतला आणि आतली जागा आईला दाखवली. थोरलीनं डोळ्यांनी बघितलं, मग करंगळी घालून बघितलं. बोल्ट तिनं कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "आता ही बंदूक नाही, लाकूड आहे. लाकडाला मी भीत नाही."

तेवढ्यात जावई आले. जावयांचं घड्याळांचं दुकान. माणूस सोन्यासारखा, पण घाई जन्माची. बायकोचं तोंड बघितलं, कडी बघितली, आणि आत जाऊन ड्रिल मशीन घेऊन आले.

"आई, सरका जरा. जुन्या भोकाच्या पुढे नवीन भोक पाडतो, स्क्रू पिळतो. चहा होईपर्यंत काम खलास."

"जावईबापू, लाकूड खलास व्हायचं. अहो, घड्याळात काटे चुकले तर फिरवून घेता येतात. पडलेलं भोक परत कसं फिरवणार?" थोरलीनं मशीनची वायर गुंडाळून त्यांच्या हातात दिली. "आणि लाकडात नुसता स्क्रू म्हणजे भाडेकरू. आज ना उद्या उठणार. आरपार घालून आतून नट लावला की तो घरमालक झाला."

"मग मी काय करू?"

"ठोकळा धरा."

लेकीनं खालचे दोन पेच सोडवून नळी लाकडी दस्त्यातून उचलली आणि गादीवर आडवी ठेवली. नळीच्या जागी लाकडात लांब पन्हाळ उरली. थोरलीनं त्या पन्हाळीत बोट फिरवलं, जुनं भोक हेरलं आणि आतल्या बाजूला जावयांना लाकडी ठोकळा दाबून धरायला लावला, म्हणजे टोक बाहेर पडताना कपची उडणार नाही. मग त्याच भोकातून आरपार गिरमिट. मशीन नाही, हाताचं गिरमिट. एक वळसा, फुंकर. एक वळसा, फुंकर. जावयांच्या बोटांना मुंग्या आल्या, पण ठोकळा त्यांनी सोडला नाही.

भोक सरळ उतरलं. नट बसायला आतून पटाशीनं खोबण कोरली. कडीचा नवा, जाड स्क्रू बाहेरून घातला, आतून नट चढवला. आणि तिथे थोरलीनं सवयीनं डब्यातून चामड्याची एक गोल चकती काढून नटाखाली सरकवली.

"ते कशाला?" लेकीनं विचारलं.

"लोखंड उघडं बसलं की लाकूड खातं. माझ्या हातून चकतीशिवाय एक नट बसलेला नाही, आणि बसणारही नाही."

स्क्रूचं टोक नटाबरोबर सपाट झालं. थोरलीनं कडीत पट्टा अडकवला, दस्ता जावयांच्या छातीशी दिला आणि मागे रेलून असा हिसका मारला की जावई दस्त्यासकट टेबलावर आले. कडी हलली नाही.

"बघा! माझ्या वजनाला टिकली म्हणजे जगाच्या वजनाला टिकली."

लेकीनं नळी परत बसवली, पेच आवळले. मग वाण्याच्या पुडीच्या कागदाची एक पट्टी फाडली, नळीच्या आणि लाकडाच्या फटीत टोकाकडून घातली आणि मागे ओढत नेली. कागद सरकत गेला आणि कडीपाशी अडला. तिनं पुन्हा ओढला. फाटला.

"घट्ट बसलंय, दिसतंय ना," थोरली म्हणाली.

"घट्ट नकोय, आई. इथे नळीला कुणी शिवायचंच नाही. गोळी सुटताना नळी थरथरते. तिला नट लागला की प्रत्येक गोळी वेगळीकडे जाणार. तुझी चकती नटाला वर उचलतेय."

"माझी चकती?"

"तुझीच."

जावयांनी छताकडे बघायला सुरुवात केली. थोरलीच्या नाकपुड्या फुगल्या. पट्ट्याच्या कामात तिला चूक दाखवणारं माणूस या घरात आजवर जेवून उठलं नव्हतं. पण टेबलावर फाटका कागद पडला होता आणि त्याच्याशी भांडता येईना. तिनं तो उचलला, उजेडात धरला, खाली ठेवला.

"काढ नळी," ती म्हणाली. "बघतेस काय, काढ!"

आरीच्या टोकानं तिनं चकती उपसली. नट खोबणीत खाली गेला. पण चकती गेली तेवढंच स्क्रूचं टोक आता नटाच्या वर डोकावू लागलं. जावई हळूच म्हणाले, "घड्याळात असं झालं की आम्ही टोक घासतो." थोरलीनं त्यांच्याकडे बघितलं. जावई अर्धं पाऊल मागे सरकले. तिनं कानस त्यांच्या हातात दिली.

"घासा मग. वाट कुणाची बघताय?"

जावयांनी स्क्रू काढून चिमट्यात धरला आणि घासला, आणि घासताना पहिल्यांदाच घाई केली नाही. सगळं परत बसलं. लेकीनं नवा कागद फाडला, पण थोरलीनं तो काढून घेतला आणि स्वतः फटीत घातला. कागद टोकापासून मागेपर्यंत लोण्यातून सुरी जावी तसा गेला. तिनं परत एकदा ओढला. मग आणखी एकदा, उगाच.

"आता पड खाली," ती लेकीला म्हणाली. "पट्ट्याची भोकं माणसावर पाडतात, खुंटीवर नाही."

लेक बैठकीच्या खोलीत सतरंजीवर पालथी पडली, दंडाला पट्टा, गालाशी लाकूड. थोरली गुडघ्याला हात लावत तिच्याशेजारी बसली, खडूनं खूण केली आणि भोक पाडलं. रायफल हातात रुतून बसली. काडीभरही हलेना.

दुसऱ्या दिवशी मैदानात थोरली मागच्या बाकावर बसली. इथे बोलायचं नाही, असं लेकीनं बजावून ठेवलं होतं. इतका वेळ गप्प बसायची तिच्यावर लग्नातसुद्धा वेळ आली नव्हती. प्रत्येक आवाजाला ती लेकीचा दंड बघायची. दंड जागच्या जागी. शेवटी कोचनं निवडलेल्यांना एका बाजूला उभं केलं. लेक त्या बाजूला होती.

कोच मग रायफलीपाशी आले. कडी धरून हलवली, वाकून फट बघितली. "हे कुणी बसवलं?"

"मी बसवलं, हिनं तपासलं," थोरली म्हणाली. "जावयांनी ठोकळा धरला. कानसही मारली, उगाच मागून रुसायला नकोत."

"छान झालंय. माझ्याही रायफलीची कडी सैल झालीय, आजी. द्याल बसवून?"

थोरलीनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"पुढल्या वर्षी बघू," ती म्हणाली.

लेकीनं तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हसत होते. कोचचे कान लाल झाले. त्यांची जिरवायची तेवढी जिरवून झाल्यावर थोरलीनं पदर सारखा केला.

"बरं, या दुकानात. रिकामी करून आणा. आणि येताना कागद आणा, चकती मी लावणार नाही."