वाचलेले किलोमीटर

नवी गाडी घेतल्याच्या अकराव्या दिवशी आमच्या घरापासून आक्काच्या गावापर्यंतचा रस्ता दीड किलोमीटरनं कमी झाला. आदल्या आठवड्यात तो अडतीस किलोमीटर होता. मला वाटलं, गाडीच्या पडद्यावरचा आकडा चुकला असेल. म्हणून परत येताना घाटात उतरलो आणि पस्तीस नंबरच्या दगडापासून छत्तीसपर्यंत चालत गेलो. एक्केचाळीस पावलं भरली. खात्रीसाठी गळ्यातला टेप काढून पुन्हा मोजलं, कारण पावलांवर माझा विश्वास नाही. मी शिंपी आहे. टेप सांगत होता तेच खरं होतं.

तिथला एक आणि पुढच्या टप्प्यातला अर्धा किलोमीटर, एवढा रस्ता कुठं तुटला नव्हता, खचला नव्हता. त्याला कुणीतरी दुमड घातली होती, आखूड पँट आतून मुडपतात तशी. डांबराच्या कडेला बारीक चूण दिसत होती. टीप इतकी सरळ होती की तीस वर्षं मशिनवर बसूनही मला तशी जमली नसती. मी गाडीत बसलो आणि पडद्याचा फोटो काढला. त्यावर लिहिलं होतं : वाचलेले किलोमीटर १.५.

फोटो ग्रुपवर टाकला. ज्यांनी विजेवरची गाडी घेतली अशा साताऱ्यातल्या लोकांचा तो ग्रुप. पिसाळ सर त्याचे प्रमुख. कुणाची गाडी एका युनिटला किती धावली ते सगळे रोज सकाळी टाकतात, आणि ज्याचा आकडा मोठा त्याला अंगठे मिळतात. मला त्या दिवशी बावन्न अंगठे मिळाले. शाळेत सुद्धा माझं असं कौतुक कधी झालं नव्हतं.

काटकसर माझ्या हातातच आहे. सव्वादोन मीटरचा शर्ट मी दोन मीटरमध्ये बसवतो आणि गिऱ्हाइकाला कळतही नाही. तोच हात गाडीला लावला. एसी बंद. काचा बंद. चाकात हवा टणक. पायाखालच्या चटया काढून माळ्यावर टाकल्या. पाय असा ठेवायचा की पॅडलला कळू नये पाय ठेवलाय. उतार आला की पाय उचलायचा, मग गाडी आपोआप आवरते आणि त्या आवरण्यातून स्वतःला चार्ज करून घेते. उतरताना टक्के वाढताना बघण्यासारखं सुख नाही.

उज्ज्वला, माझी बायको, पहिल्याच रविवारी घामानं निथळत म्हणाली, "अहो, मलाही उतरवा वाटेत. तेवढंच वजन कमी होईल."

मी खरंच क्षणभर विचार केला. तिनं तो माझ्या तोंडावर वाचला आणि त्यानंतर ती गाडीत बसली नाही.

आक्काकडे मात्र मला दर गुरुवारी जावंच लागतं. शैलाक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, पुढं तिनंच मला वाढवलं. सुईत दोरा ओवायला तिनं शिकवलं. लग्न होऊन ती घाटाखाली वडजाईला गेली आणि तिथून माझ्या दुकानाचं काज-बटणाचं काम करते. शाळेच्या गणवेशाचे गठ्ठे मी नेतो, आदल्या आठवड्याचे आणतो. गावात ना वीजभरणीचं केंद्र, ना धड दुकान. आक्काच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजच्या पिनेवर मी गाडी चार्ज करतो आणि तोवर जेवतो.

पुढच्या गुरुवारी गेलो तर आक्काच्या घराला ओसरी नव्हती. रस्त्यावरून थेट मधल्या खोलीत पाय पडला.

"ओसरी कुठंय?" मी विचारलं.

"गेली," आक्का म्हणाली. "सोमवारी निम्मी हुती. काल सगळीच गेली. चपला आत काढ."

"गेली म्हणजे?"

"आरं, गेली म्हंजी गेली. भाकरी गार हुतीया, बस."

दाजी कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसले होते. त्यांनी मला नमस्कार केला, पण हात पुरता लांब करता आला नाही. तरी जेवलो. उठताना गठ्ठा उचलला. एकूण एक शर्टाला सहाऐवजी पाच बटणं होती. आक्कानं काम कधी कमी केलं नव्हतं. मी शर्ट पसरून बघितला. सहाव्या बटणाची जागाच शर्टात नव्हती.

आता मला कळायला हवं होतं. कळलंही होतं, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी उतारावर चार किलोमीटर वाचले होते आणि मी घाटाच्या माथ्यावर चढून येताच फोटो ग्रुपवर टाकला. त्र्याण्णव अंगठे. पिसाळ सरांनी लिहिलं, "निकमसाहेब, कमाल!" मला साहेब कुणी म्हणत नाही.

तिसऱ्या गुरुवारी साडेआठ वाचले. रस्ता आता चोवीस किलोमीटर उरला होता. घाटातले तेहतीसपासून सदतीसपर्यंतचे दगड एका रांगेत खेटून उभे होते. आक्काच्या घराला एकच खोली होती आणि ती माझ्या कापड कापायच्या टेबलाएवढी होती. आक्का मशिनवर बसली की दाजींना भिंतीला लागून उभं राहावं लागे.

"चार दिस झालं, उभ्यानंच निजतूय," दाजी म्हणाले. "सवय हुतीया."

"दाजी, चला माझ्याबरोबर. आक्का, तूही चल. आत्ताच्या आत्ता."

"दाराकडं बघ," आक्का म्हणाली.

दार वीतभर उघडत होतं. मी आत कसा आलो ते मला आठवेना. बाहेर पडताना शर्टाची दोन बटणं तुटली आणि पाठ सोलून निघाली. दाजींना तर खांदासुद्धा बाहेर काढता आला नाही. आक्कानं फटीतून गठ्ठा दिला, मग माझ्या तोंडावरून हात फिरवला. "पुढल्या गुरवारी दोरा आण," ती म्हणाली. "पांढरा सपलाय."

त्या दिवशी मी फोटो टाकला नाही. घरी येऊन गाडी शेडमध्ये लावली, किल्ली उज्ज्वलाच्या हातात दिली आणि म्हणालो, "परत मागितली तरी देऊ नकोस."

तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. "एवढं झालं आणि तुम्ही तिसऱ्यांदा गेलात?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं निघालो. वडजाईचं तिकीट मागितलं. कंडक्टरनं यंत्रावर दोनदा बटण दाबलं. "वडजाई मागं गेलं का?" त्यानं ड्रायव्हरला विचारलं. "मागं न्हाय, म्होरंबी न्हाय," ड्रायव्हर म्हणाला. घाट उतरून बस एकदम पलीकडच्या गावात उभी राहिली. मी उतरून रस्त्याच्या कडेनं बोटं फिरवत शिवण शोधली. सापडली. तिच्या आतून, जाड कापडाच्या घडीतून यावा तसा, मशीन चालल्याचा आवाज येत होता. ब्लेडनं उसवून बघितलं. ब्लेड मोडलं.

संध्याकाळी आक्काचा फोन आला.

"जयवंता, तू गाडी चालवतुयास का?"

"नाही गं. बंद ठेवलीय."

"मग हे काय चाललंय? सकाळधरनं लई जोरात आवळाय लागलंय. दाजींचं तोंड भिताडाकडं हुतं, आता वळवाय येत न्हाय."

मी शेडमध्ये पळत गेलो. किल्ली नव्हती तरी पडदा उजळलेला होता. वाचलेले किलोमीटर २०. बघता बघता २१ झाले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी उभी राहिली की सगळाच रस्ता वाचतो. कुणीही न चालवलेल्या गाडीइतकी काटकसर कोण करणार?

रविवारी सकाळी आकडा ३३ वर होता. आक्काच्या गावापर्यंत पाच किलोमीटर उरले होते. फोनवर तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"उसवा आता," उज्ज्वला किल्ली पुढं करत म्हणाली. "जे वाचवलंत ते उधळा. सगळं चालू करून जा."

मी तसंच केलं. एसी सोळावर टाकला आणि चारही काचा खाली केल्या. दिवे, वायपर, मागच्या काचेचा हीटर, गाणी, सगळं चालू. माळ्यावरच्या चटया परत घातल्या, वर गणवेशाचे सहा गठ्ठे आणि शिवणयंत्राचं बिडाचं जड स्टँड टाकलं. कोपऱ्यावरून निघालो तो पॅडल तळाशी दाबूनच. पुढं गाय आली तेव्हा करकचून ब्रेक मारला आणि परत तळाशी दाबलं. प्रत्येक वेळी पाय आपसूक हलका व्हायचा. मी गुडघ्यावर हातानं दाबून धरत होतो. इतकी वर्षं अंगात मुरलेली गोष्ट ती, नाठाळ जनावरासारखी उलटून येत होती.

पण रस्ता सुटायला लागला. आधी चूण सैल झाली. मग खालून एक वळण निघालं, मग पूल, मग उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आणि त्यासमोर ग्लास हातात धरून उभा असलेला माणूस. त्यानं राहिलेला घोट पिऊन टाकला. वाचलेले २६. १९. ११. मला रडू येत होतं आणि मी मोठमोठ्यानं हसत होतो. पाच किलोमीटरच्या त्या रस्त्यावर मला दीड तास लागला. माथ्यावर पोचलो तेव्हा आकडा २ वर आला होता आणि बॅटरी नऊ टक्क्यांवर.

फोन वाजला.

"जयवंता! वसरी आली रं!" आक्का ओरडली. "दाजी आडवं झालं बघ, घोरत्यात. तू कुठं हाईस?"

"घाटावर. आलोच."

"ये. चुलीवर चहा टाकलाय."

मी पुढं बघितलं. पुढं सगळा उतार होता, सहा किलोमीटर, खाली वडजाईची कौलं. कितीही उधळलं तरी उतारावर गाडी कमावणार होती. मागं वळावं, तर नऊ टक्क्यांत ती साताऱ्याला पोचणार नाही, वाटेत बंद पडेल. आणि उभी गाडी काय करते ते मी शेडमध्ये बघितलं होतं. चार्ज करायला पिन होती ती एकच, आक्काच्या फ्रीजची.

पॅडलला पाय लावलासुद्धा नव्हता. गाडी आपण होऊन निघाली. ब्रेक दाबला तर त्यातूनही कमावू लागली. दहा टक्के. वाचलेले ४. मी हँडब्रेक ओढला आणि गाडी वळणावर उभी राहिली. वाचलेले ७. उतरून पळत जावं म्हणून दार ढकललं. ते चार बोटं उघडलं आणि कड्याला टेकलं. मघाशी कडा तिथं नव्हता. दुसऱ्या बाजूचा कठडाही काचेला लागला होता.

"का थांबलास?" फोनवर आक्का म्हणाली.

"आक्का, घरातनं बाहेर पड. दाजींना उठव आणि पळ."

"कुणीकडं पळू? दारात तर हाय मी. तू दिसतुयास की मला."

मीही बघितलं. खाली दारात ती उभी होती, हिरवं लुगडं, कमरेवर हात. इतक्या लांबून ती दिसायला नको होती. तिनं हात हलवला. मला तिच्या हातातल्या बांगड्या दिसल्या. मग चोळीला टोचून ठेवलेली सुई दिसली. ती एक पाऊलही टाकत नव्हती आणि जवळ येत होती. तिच्यामागं दार येत होतं, दारामागं कौलं. छत्तीस, सदतीस, अडतीस, तिन्ही दगड आवाज न करता एकमेकांवर सरकले.

"जयवंता," ती म्हणाली. आता फोनची गरज नव्हती. "काय करतुयास रं हे?"

मी दोन्ही पाय ब्रेकवर दिले. आक्कानं दोन्ही तळवे बॉनेटवर टेकवले, पाठ दाराच्या चौकटीला लावली आणि ती गाडी मागं रेटू लागली.