मानेपर्यंत

मागावर चित्र विणायचं तर खालून वर जावं लागतं. आधी फरशी, मग पावलं, मग गुडघे. चेहरा सगळ्यात शेवटी. आणि आम्ही कुठल्याच गावात चेहऱ्यापर्यंत टिकलेलो नाही.

नवरा कारखान्यांत यंत्रं बसवतो. यंत्र नीट चालायला लागलं की आमचं बिऱ्हाड हललं. माझा माग सहा फुटी. सुटा केल्याशिवाय दारातून निघत नाही, आणि उभ्या धाग्यांचा ताण एकदा सोडला की पुन्हा सारखा बसत नाही. म्हणून ट्रक आला की जिथवर विणून झालं असेल तिथे कात्री. सात वर्षांत अकरा चित्रं, अकराच्या अकरा कमरेखालची. रांगेतले पाय, टेबलाखालचे पाय, माझ्या लेकीचे, चिमीचे, खुर्चीवरून लोंबणारे पाय.

कलादालनवाल्या बाईंना ती फार आवडतात. "चेहरा नाकारणं ही तुमची भूमिकाच आहे," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. ट्रक आला होता, असं कसं सांगणार?

आई मात्र फोनवर म्हणाली, "माझं चित्र केलंस तर डोकं ठेव हो. नाहीतर लोक म्हणतील, लेकीनं आईला पायताणापुरतीच धरली." हसली, मग खोकत राहिली. हल्ली तिच्या हसण्यापेक्षा खोकलाच लांबतो. डॉक्टर दर महिन्याला औषध बदलतात आणि ती मला उशिरा सांगते. मी ठरवलं, आई पूर्ण विणायची. तिला बघता येईल तोवर.

या गावी दोन वर्षं नक्की, असं नवरा म्हणाला होता. म्हणून घाई केली नाही. नुसत्या बोटांना तीन आठवडे दिले. चिमी मागाखाली बसून लोकरीचे तुकडे गोळा करायची. ते तोंडात घालते की काय म्हणून माझा एक डोळा तिच्यावर. अंगणातली मुलं ती खिडकीतूनच बघायची.

"जा की खाली खेळायला."

"किती दिवस राहणार आपण, ते आधी सांग."

साडेचार वर्षांची पोर. दोन वर्षं, म्हटल्यावर चप्पल घालून गेली.

मी मानेशी पोचले त्या आठवड्यात नवरा दुपारीच घरी आला. काखेत घडी केलेली खोकी. बोलायची गरजच नव्हती.

"दोन वर्षं म्हणाला होतास."

"साहेब म्हणाले होते. मी आपला निरोप्या." त्यानं खोकी भिंतीला टेकवली आणि मागाकडे बघितलं. "किती राहिलंय?"

"चेहरा."

त्यानं मानेवरच्या मोकळ्या धाग्यांवरून बोट फिरवलं. "मग तुम्ही दोघी थांबा महिनाभर. घरमालकाशी मी बोलतो."

"आणि तुझं जेवणखाण?"

"माझा भात मला येतो. यंत्राला वंगण म्हणून घालता येईल इतका घट्ट होतो, एवढंच."

इतक्या वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. तो गेला. पुढचा अख्खा महिना माझा होता.

पहिल्या दिवशी मी आईचे फोटो मागाच्या मागे लावले. एक माझ्या लग्नातला, एक चिमीच्या जन्मानंतरचा. त्यापुढचा एकही नाही. वर्षाकाठी आठ-नऊ दिवस मी तिच्याकडे जाते, आणि तेव्हाही ती ओट्याशी पाठमोरी असते. व्हिडिओ कॉल लावला.

"आई, फोन तोंडासमोर धर."

"धरलाय की."

दिसत होता पंखा आणि हनुवटीचा कोपरा. मग एक कान. शेवटी शेजारच्या काकूंनी फोन धरला, तर आई ओळखपत्राच्या फोटोसाठी बसावी तशी ताठ झाली.

"काय बघतेस अशी? काही चिकटलंय का तोंडाला?"

"नाही गं. बोल ना काहीतरी."

"तू अशी टक लावून बसलीस तर काय बोलू, कपाळ?"

ती हसली तेव्हा गालावर खळगा पडला. तो कधी आला, मला माहीत नव्हतं.

मी हनुवटी विणली आणि उसवली. पुन्हा विणली, तर ओठ माझेच आले. ते उसवले. तिसऱ्यांदा फोटोबरहुकूम नेटका चेहरा डोळ्यांपर्यंत आला. चिमी वर बघून म्हणाली, "ही कोण?"

"आजी."

"आजीचं तोंड असं नाहीये."

"मग कसं आहे?"

तिनं मनापासून विचार केला. "मला नाही माहीत."

मलाही नव्हतं. दूधवाल्याला मी त्याच्या बुटांवरून ओळखते. चार महिने झाले, समोरच्या बाईचे डोळे कसे आहेत ते सांगता येणार नाही. टाचेला पडलेली भेग सांगता येईल. सोडून जायचंच आहे, तर मान वर करून कशाला बघा, ही सवय कधी लागली कोण जाणे. बोटांनाही तीच लागली होती. ट्रकला उगाच दोष देत आले.

नवव्या दिवशी चेहरा तिसऱ्यांदा उसवला आणि मानेच्या वर कात्री चालवली. धागे एकेक करून सुटले. नवऱ्याला फोन लावला.

"झाली का आई?"

"ट्रक कधी पाठवतोस?"

"अगं, अजून एकवीस दिवस आहेत."

"नकोत."

तो काही विचारेल म्हणून थांबले. "बरं," एवढंच म्हणाला.

संध्याकाळी आईचा फोन. आधी खोकला, मग आवाज. "काय गं, कुठवर आले मी?"

"होत आलीस," मी म्हटलं.