बादलीचा कान

मी एक जुनी पत्र्याची बादली आहे, मित्रांनो, आणि आजवर मी तीनशे पूल पाडलेत! खोटं बोलत असेन तर माझं बूड गळो. थोडं गळतंच म्हणा, पण ते वेगळ्या कारणानं.

तरुणपणी मी बांधकामावर पाणी मारायचे. इतकं पाणी उपसलं, की एक नदी माझ्यावर रुसून दुसरीकडून वाहायला लागली. म्हातारपणी शाळेच्या कार्यशाळेत आले. तिथं नववीची मुलं आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल करायची. दोन टेबलांच्या मधे पूल ठेवायचा, खाली मला टांगायचं आणि माझ्यात वाळूचे डबे ओतायचे. दहा डबे पेलले, की नदीवरच्या खऱ्या पुलाचं काम आतून बघायला मिळायचं.

शिकवायला इंजिनिअर मॅडम होत्या. त्यांचा एकच नियम. पूल मोडला तर "तुटला" म्हणायचं नाही, "बोलला" म्हणायचं. मग सगळ्यांनी तुकड्यांभोवती बसून तो काय बोलला ते शोधायचं.

त्यात एक वेणीवाली होती. तिचे बाबा त्याच खऱ्या पुलावर वेल्डर. कामावर ते कसे दिसतात, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

तिचा पहिला पूल, सगळे चौकोनच चौकोन, तिसऱ्या डब्याला बोलला.

"ताई, पूल होता की पापड?" त्याच वर्गातला तिचा चुलत भाऊ खिदळला.

ती रडली नाही. चार काड्या टाचण्यांनी जोडून तिनं दाबल्या. चौकोन लगेच कलंडला. मग तीन जोडल्या. त्रिकोण काही केल्या हलेना! दुसऱ्या पुलात तिनं प्रत्येक चौकोनात एक तिरकी काडी बसवली.

सात डबे. आठ. नऊ. मी आतून सगळा जोर लावला, मित्रांनो, सवयच ती! दहावा डबा पोटात गेला आणि कडाड्कन आवाज झाला.

"गेला!" भाऊ ओरडला.

गेले होते मी. माझा गंजलेला कान, म्हणजे कडी अडकते ना ती जागा, तुटला होता. वाळू जमिनीवर. पूल वर तसाच, ऐटीत.

"वाळू सांडली, हा डबा मोजायचा नाही हं!" भाऊ म्हणाला.

"दहावा पोटात गेला होता ना?" मॅडम म्हणाल्या. "मग झालं."

सगळे पुलाभोवती नाचले. वेणीवाली मात्र माझ्याजवळ बसली. कान निरखून म्हणाली, "मॅडम, बादली बोलली. कधीपासून गंजलाय हा! आपण पूल बघत बसलो, हिला कुणी बघितलंच नाही."

खऱ्या पुलावर ती मलाही घेऊन गेली. उंचावर तोंडाला ढाल लावून एक माणूस ठिणग्या उडवत होता. ढाल वर झाली. "अगं, तू? इथं?"

"बाबा, हिचा कान तेवढा जोडा ना."

त्यांनी खाली उतरून माझ्या कानाला दोन टाके मारले. एवढा मोठा पूल थांबला माझ्यासाठी, खोटं नाही सांगत! आता रोज डबे ओतण्याआधी मुलं माझा कान तपासतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी निमूट ओझं वाहत असेल. ते मोडून बोलायच्या आधीच एकदा त्याचा कान बघा.