चाळीस सेकंद

लहानपणी ती दिसेल त्या बॉनेटवर बोटं वाजवायची, म्हणून गॅरेजातल्या कारागिरांनी तिला टिकटिक म्हणायला सुरुवात केली. पुढे त्याच नावाने तिने आपली गाणी नेटवर टाकली. पाठीशी कंपनी नव्हती. वडिलांच्या डेंटिंग गॅरेजवरचा माळा, एक लॅपटॉप, चार माइक, एवढाच संसार. तयार आवाज ती वापरत नसे. खाली वडील पत्रा ठोकायचे, वर ती ते टिपायची, त्याचे तुकडे करायची, ताणायची, उलटे फिरवायची आणि त्यातून ताल उभा करायची. तिची गाणी अंगावर येतात, असं लोक म्हणायचे. तिला तेच हवं होतं.

एका सोमवारी दुरुस्तीला एक गाडी आली. दिवा फुटलेला, काचेत रक्ताळलेले केस. कुणाला तरी उडवून आलीय, हे वडिलांनी ओळखलं. त्यांनी गाडी ठेवून घेतली आणि थेट पोलिसांना फोन केला.

तीन दिवसांनी, भर दुपारी, त्या गाडीवाल्याचे दोघे भाऊ पहारी घेऊन आत घुसले.

आरडाओरडा ऐकून ती माइक चालूच ठेवून खाली धावली. वडील जमिनीवर पडले होते. थोरला त्यांच्या कानावर बुटाच्या लाथा घालत होता. धाकट्याने पहार उचलली आणि त्यांच्या कोपरावर घातली. हाड कडकन मोडलं.

"फोन करतोस काय? कर आता!"

तिने बाकावरचा मोठा पाना उचलून धाकट्याच्या गुडघ्यावर हाणला. तो कोसळला. थोरल्याने तिचे केस धरून डोकं गाडीच्या दारावर आपटलं, एकदा, दोनदा. डोळ्यांत रक्त उतरलं. तिने न बघताच पाना फिरवला. तो त्याच्या तोंडावर बसला. दात थुंकत तो पळाला.

"ते अंगावर आले, म्हणून मी मारलं," तिने पोलिसांना सांगितलं. "सगळं टिपलं गेलंय. आणून देते."

टाके घालून घरी आल्यावर तिने ते ऐकलं. थोरला पळाल्यानंतर धाकट्याचा आवाज होता, "पुरे, ताई, पुरे! पाया पडतो!" मग पान्याचे चार घाव, त्याच गुडघ्यावर. मध्येच तिचा स्वतःचा आवाज, "अजून घे." यातलं तिला काहीच आठवत नव्हतं. ऐकता ऐकता आपला पाय त्या घावांवर ठेका धरतोय, हे लक्षात आलं आणि तिने हेडफोन ओढून काढला.

तिने ते चाळीस सेकंद कापले आणि जोडावर पंख्याची घरघर पसरली. दहा मिनिटांचं काम.

वडील हातावर प्लास्टर घेऊन परतले. डावा कान कायमचा गेला होता. "ऐकव," ते म्हणाले. तिने त्यांच्या उजव्या कानाला हेडफोन लावला. शेवटाकडे त्यांनी बोट वर केलं.

"इथे पुट्टी भरलीयस."

"खरखर होती बाबा, ती काढली."

"तीस वर्षं पत्रा वाजवून बघतोय मी. काय दाबलंस?"

तिने मूळ आवाज लावला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"त्या वेळी मला शुद्ध असती, तर मीच म्हटलं असतं, हाण अजून," ते म्हणाले. "पण हे सगळं दे. त्यांची गाडी लपवली नाही मी. तुला कसं लपवू?"

"बाबा, मला आत टाकतील."

"टाकतील."

तिने न कापलेलं दिलं. कोर्टात ते वाजलं तेव्हा कुबड्या घेऊन बसलेला धाकटा कान झाकून ओरडला, "बंद करा!" तिलाही तेच ओरडायचं होतं. भावांना पाच वर्षांची शिक्षा झाली, तिला आठ महिन्यांची.

सुटून आल्यावर तिने नवीन गाणं केलं. वडील एका हाताने पत्र्यावर पॉलिश पेपर घासायचे, तेवढाच आवाज त्यात होता. ठोका एकही नाही. पूर्वीची मजा राहिली नाही, असं कितीतरी जणांनी लिहिलं. तिने माइक पुन्हा पत्र्याजवळ ठेवला.