नऊ नंबरचं स्वयंपाकघर

सोडतीच्या दिवशी झुल्माने माटेच्या, म्हणजे आम्ही नळीने पितो त्या कडू चहाच्या, पाल्याचा रिकामा डबा टेबलावर ठेवला आणि घरांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या त्यात टाकल्या. मी मनात एकच घोकत होतो. नऊ. नऊ. माझ्यापुढे रांगेत दार्दो होता. त्याने डब्यात हात घातला, चिठ्ठी काढली, उलगडून पाहिली आणि झुल्माच्या हातात दिली. त्याला वाचता येतं. पण त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा विश्वास बसला नसावा.

"नऊ," झुल्मा म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. मला चौदा आलं.

आमची गृहनिर्माण संस्था मोन्तेविदेओच्या टोकाला आहे, जिथे शहराची शेवटची बस वळून परत जाते. नाव लोस तेरोस. तेरो म्हणजे टिटवी. जागा घेतली तेव्हा इथे टिटव्याच होत्या, आम्ही आलो की अंगावर धावून यायच्या. सरकारने जमीन आणि सामानासाठी कर्ज दिलं, मजुरी आमची. प्रत्येक कुटुंबाने आठवड्याला ठरलेले तास कामावर यायचं. नवरा आला काय, बायको आली काय, तास भरले पाहिजेत. आणि कोणतं घर कुणाचं, हे शेवटच्या दिवसापर्यंत ठरत नाही. म्हणून कुणी स्वतःच्या भिंतीत जास्त सिमेंट घालत नाही आणि दुसऱ्याच्या भिंतीत कमी घालत नाही. तीन नंबरच्या संडासाची भिंत मिल्टनने वाकडी बांधली. सगळे त्याला म्हणायचे, जाऊ दे, ज्याला मिळेल तो रडेल. सोडतीत तीन नंबर मिल्टनलाच आलं.

मी मांसाच्या कारखान्यात, थंड खोलीत कामाला होतो. मला शनिवार-रविवारच जमायचं. बाकीचे दिवस माझी बायको निबिया यायची. दुपारी, जेवण उरकून. आधी ती वाळू चाळायची, मग माल कालवायला लागली, मग एका गवंड्याने तिला टाइल लावायला शिकवलं आणि त्यानंतर तिने कुणालाच टाइलला हात लावू दिला नाही. दोन टाइलमध्ये फट सारखी यावी म्हणून ती मध्ये आगकाडी ठेवायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या खिशातून मोडक्या काड्या निघायच्या. मी म्हणायचो, घर पेटवशील एक दिवस. ती म्हणायची, कोणतं घर, म्हाताऱ्या? हे तर घरमालकाचं आहे.

नऊ नंबरचं स्वयंपाकघर तिने एकटीने केलं. जमिनीपासून खिडकीपर्यंत पांढऱ्या टाइल आणि वर एक हिरवी ओळ. ते पुरं झालं त्या रविवारी तिने मला हात धरून नेलं. "बोट फिरव," म्हणाली. मी फिरवलं. कुठे अडकलं नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला रक्ताची उलटी झाली.

ती गेली ऑगस्टमध्ये. सोडत झाली वसंतात, आमच्याकडे तो ऑगस्टनंतर येतो.

आता दार्दोबद्दल. एक कुटुंब मधेच संस्था सोडून स्पेनला गेलं आणि त्यांची जागा रिकामी झाली. घरखात्याच्या बाईने येऊन विचारलं, ही जागा बेघरांच्या निवाऱ्यातल्या माणसाला द्याल का? रस्त्यावरून एखाद्याला उचलून खाटेवर टाकलं म्हणजे झालं असं नाही, तो पुन्हा रस्त्यावर जातो, त्याला शेजार लागतो, वगैरे. आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली. शेजार म्हणजे आम्ही. निबियाने पहिला हात वर केला. तिने केला म्हणून मी केला.

दार्दो आला तेव्हा पन्नाशीचा होता, सत्तरीचा दिसायचा. पूर्वी बंदरात कामाला होता, मग दारू, मग बायको सोडून गेली, मग बँकेच्या पायऱ्या, मग निवारा. त्याला काही येत नव्हतं. टाइलला कुणाला हात लावू न देणाऱ्या निबियाने त्याला मात्र टाइलवर घेतलं. शनिवारी मी वर छतावर सळया बांधत असायचो आणि खालून त्या दोघांचं हसणं ऐकू यायचं. "ती टाइल आहे रे, कणीक नाही! किती मळशील?" ती ओरडायची आणि तो हसायचा, दात नसलेलं हसू. माझ्याबरोबर ती अशी हसत नव्हती असं नाही. पण सोमवार ते शुक्रवार, सगळ्या दुपारी तिच्याजवळ तो असायचा. मी थंड खोलीत लटकलेल्या बैलांबरोबर. हे तेव्हाही मला खुपायचं. ती गेल्यावर तर फारच. तिच्या आयुष्यातला एक भाग माझ्यापेक्षा त्याला जास्त माहीत होता आणि आता घरही त्यालाच मिळालं.

सोडतीनंतर दुसऱ्या दिवशी मी त्याला गाठलं. तो मैदानात नळाजवळ हात धूत होता.

"दार्दो, घर बदलशील? माझं चौदा तू घे. तेवढंच आहे, तेवढ्याच खोल्या. स्वयंपाकघरात ऊनही येतं."

"का?"

"का म्हणजे? नऊचं स्वयंपाकघर कुणी केलं?"

त्याने नळ बंद केला. बराच वेळ हात झटकत राहिला.

"अहो एल्बियो, नाही जमणार."

मला वाटलं चेष्टा करतोय. "तुला काय फरक पडतो? तुला छप्पर पाहिजे ना? छप्पर तिथेही आहे."

"निवाऱ्यात कसं असतं माहीत आहे?" तो म्हणाला. "संध्याकाळी रांगेत उभं राहायचं. मग खाटेचा नंबर मिळतो. आज सहा, उद्या बावीस, परवा दाराजवळची. सकाळी बाहेर. पुन्हा रांग. मी तिथे जेवढा राहिलो, एकदाही सलग दोन रात्री एका खाटेवर झोपलो नाही. आता मला नंबर मिळालाय. नऊ. मी तो कुणाला देणार नाही. तुम्हाला राग येईल, येऊ दे."

"ती तुला थापी धरायला शिकवत होती. त्याचं हे फळ?"

"तिने शिकवलं ते मी विसरलेलो नाही," तो म्हणाला आणि निघून गेला.

माझ्या अंगाची आग झाली. ज्याच्याकडे परवापर्यंत उशी नव्हती, तो मला नाही म्हणतो!

मग मी सभेत विषय काढला. नवीन सभागृहात अजून खुर्च्या नव्हत्या, लोक घरून स्टूल घेऊन आले होते. दार्दो दाराला टेकून उभा.

"जो शेवटी आला त्याला शेवटी मिळायला पाहिजे," मी म्हणालो. "आम्ही पाया खणला तेव्हा हा कुठे होता? आधी जुन्यांची सोडत, मग उरलेलं घर नव्याला. हा न्याय झाला असता. फेरसोडत घ्या."

"घ्या, घ्या फेरसोडत!" मिल्टन ओरडला. "माझी संडासाची भिंत जाऊ दे कुणाच्या तरी गळ्यात!"

सगळे हसले. झुल्मा हसली नाही. ती आमची अध्यक्ष, शाळेत सफाईचं काम करते, आवाज असा की वर्गाच्या दोन्ही टोकांना पोचतो.

"एल्बियो, माझ्या नवऱ्याने चार नंबरचं छत घातलं. मला अकरा आलं. मी मागू का चार?"

"तुझा नवरा जिवंत आहे."

हे बोलायला नको होतं. झुल्माने माटेचा घोट घेतला, नळी तोंडातून काढली.

"बरं. मग ऐक. दार्दोची चिठ्ठी इतरांच्या चिठ्ठ्यांबरोबर त्याच डब्यात टाकायची, हा ठराव कुणी मांडला? त्या बुधवारी तू कामावर होतास, म्हणून विचारते."

"कुणी?"

"निबियाने. आम्ही काही जण म्हणत होतो, त्याला कोपऱ्यातलं, गटाराकडचं घर देऊन टाकू. ती म्हणाली, मग त्याला भिंती रचायला बोलावूच नका. ज्याला सगळ्यांची घरं बांधायला लावता, त्याला सगळ्या घरांतून चिठ्ठी उचलू द्या. तिने आम्हाला गप्प केलं. आणि आता तू तिच्या नावाने फेरसोडत मागतोस."

निबियाने मला हे सांगितलं नव्हतं. घरी येऊन नुसतं म्हणाली असेल, सभा लांबली.

झुल्माने मतं घेतली. फेरसोडतीच्या बाजूने हात वर झाला तो एकच, माझा. दार्दोने कुठल्याच बाजूने हात वर केला नाही. त्याचे हात खिशात होते.

आम्ही राहायला आलो. मला चौदा नंबरमध्ये काही गोड वाटत नव्हतं. घर चांगलं होतं, तक्रार करायला जागा नव्हती, आणि त्याचाच राग यायचा. भाड्याच्या खोलीतलं आमचं सामान आणलं: टेबल, तिचं शिवणयंत्र, आमचा मोठा पलंग. पलंगाने झोपायची खोली भरून गेली. मी एका कडेला झोपायचो, जसा नेहमी झोपायचो.

सकाळी बस पकडायला मला नऊ नंबरवरून जावं लागतं. दार्दोने पडदे लावले नव्हते. पहिल्याच आठवड्यात मी पाहिलं, तो स्वयंपाकघरात जमिनीवर गादी टाकून झोपलेला होता. डोकं भिंतीला लागून. हात लांब करून टाइलवर ठेवलेला, पांढऱ्या टाइलवर, जिथे तिने मला बोट फिरवायला लावलं होतं.

मी बस सोडली. दार वाजवलं. तो डोळे चोळत आला.

"झोपायची खोली काय शेळ्या बांधायला दिली आहे का?"

"झोप नाही येत तिथे," तो ओशाळून म्हणाला. "दार लावलं की घुसमटतो. उघडं ठेवलं की वाटतं कुणी येऊन बूट नेईल. इथे फ्रिजचा आवाज असतो. रस्त्यासारखा. बरं वाटतं."

"पलंग नाही म्हणून असं होतं."

"असेल."

"माझा घेऊन जा. मोठा आहे."

"तुमचा? आणि तुम्ही?"

"माझ्याकडे घडीची खाट आहे."

दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या वस्तीत झाली. झुल्मा माझ्यासाठी गरम तळलेल्या पुऱ्या घेऊन आली, तोर्ता फ्रिता, वर साखर भुरभुरलेली. "मी सभेत जास्त बोलले. मनाचा मोठा आहेस तू," म्हणाली. मिल्टनने पाठीवर थाप मारली. मी पुऱ्या खाल्ल्या. मला एवढंच हवं होतं की तो त्या भिंतीपासून उठावा. त्यासाठी मी लग्नाचा पलंग दिला. आणखी काही मागितलं असतं तर तेही दिलं असतं.

रविवारी तो पलंग न्यायला आला. आम्ही दोघांनी बाजू सुट्या केल्या. उशाकडची पाठ जड होती, ती मी पुढून धरली, त्याने मागून. माझ्या, चौदा नंबरच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडायचं होतं. मधेच तो थांबला आणि पलंगाची पाठ खाली टेकवली.

"काय झालं?"

"हे बेसिनमागचं माझं काम आहे," तो म्हणाला. "पहिलं, एकट्याने केलेलं. म्हणजे, हात माझा." मग कोपऱ्याकडे मान केली. "ती तिथे बसायची."

"कोण?"

त्याने तोंड मिटलं. त्याला कळलं की आपण बोलायला नको ते बोललो.

"बोल. कोण बसायची? या टाइल लावल्या तेव्हा निबिया अंथरुणात होती. मी तिला इथे यायची बंदी केली होती. डॉक्टरने सांगितलं होतं, सिमेंटच्या धुळीपासून लांब राहा."

"जूनमध्ये," तो म्हणाला. "दुपारी यायची. बसने. वाकता येत नव्हतं तिला, म्हणून सिमेंटच्या गोणीवर बसायची, तिथे, खिडकीतून ऊन येतं तिथे. तोंडाला रुमाल. मी लावायचो, ती बोलायची."

"जूनमध्ये दुपारी ती बहिणीकडे जायची."

"हो. तुम्हाला तसं सांगायची, ते मला माहीत होतं."

त्याला माहीत होतं. आमच्या सगळ्या संसारात ती माझ्याशी जे एक खोटं बोलली, तेही त्याच्याजवळ होतं. मला वाटलं पलंगाची पाठ तशीच त्याच्या पायावर सोडावी.

"काय बोलायची?"

"शिव्याच जास्त." तो हसला, मग हसू आवरलं. "म्हणायची, काडी सरळ ठेव, तुझ्या हाताला भूकंप आहे का? म्हणायची, म्हाताऱ्याला सांगू नकोस, तो मला पलंगाला बांधून ठेवेल."

आम्ही दोघांनी पलंगाकडे पाहिलं.

"आणि?"

"आणि खूप काही. सगळं एकदम नाही आठवत."

मी बेसिनमागच्या भिंतीवर बोट फिरवलं. दोन ठिकाणी अडकलं. बाकी ठीक होतं. एका फटीत, अगदी खालच्या ओळीत, पांढऱ्या सिमेंटमधून काडीचं टोक दिसत होतं, काढायची राहून गेलेली.

"ही काडी कुणाची?"

"तिचीच. खिशातून काढून मला द्यायची."

आम्ही पलंग नऊ नंबरमध्ये नेला, जोडला. खोलीचं दार उघडंच ठेवायचं, मी त्याला सांगितलं, आणि बूट उशाशी. त्याची गादी मी स्वतः स्वयंपाकघरातून उचलली. परत चौदा नंबरला येताना तो माझ्याबरोबर आला, हातोडी माझ्याकडे विसरली होती म्हणून. मी पाणी तापवलं, माटे भरलं. त्याने स्टूल ओढलं आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात, उन्हात टेकला.

"तिथून ऊठ," मी म्हणालो.

तो उठला.

"ती जागा माझी. तू दाराशी बस. आणि जून महिन्यापासून सुरुवात कर. आज आठवेल तेवढं आज सांग, राहिलेलं उद्या. रोज सकाळी यायचं, माझी बस यायच्या आधी."

"आणि मला सगळं आठवून संपलं तर?"

"संपू देऊ नकोस," मी म्हणालो आणि कोपऱ्यात जाऊन बसलो.